वैमानिकांची नेमणूक आणि वर्णभेद

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात वैमानिकाचे प्रशिक्षण व नेमणूक ही सामान्यतः त्याची पात्रता आणि पथकांची निकड यांवरून ठरे. कृष्णवर्णीय उमेदवारांच्या बाबतीत मात्र वर्ण हीच पहिली कसोटी होती. त्यांचे उड्डाणशिक्षण १९४१ पासून अलाबामातील टस्कीगी येथे होई. मार्च १९४२ मध्ये पहिले पाच वैमानिक उत्तीर्ण झाले. पुढे त्यांना जागा मिळे ती केवळ स्वतंत्र पथकांतच. जानेवारी १९४४ मध्ये उभारलेल्या ४७७ व्या बाँबफेकी दलासाठी वैमानिकांबरोबरच मार्गनिदर्शक व बाँबफेके हेही त्याच वर्णाचे हवे होते. त्यांचा तुटवडा पडला व दल युद्धसमाप्तीपर्यंत रणांगणावर पोहोचलेच नाही. ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी समान संधीचा आदेश काढला. वर्णभेदाने व्यक्तीवर अन्याय झालाच; परंतु सैन्याचे सामर्थ्यही त्यानेच खुंटविले, हे यावरून स्पष्ट होते.