‘सोळा’ हा आकडा आला कुठून? एटीव्ही, मुलं आणि विकणारे

मे महिन्याच्या सुट्टीत नऊ वर्षांचा एक मुलगा मनगट मोडून माझ्याकडे आला होता. समुद्रकिनाऱ्यावर चार जाड चाकांच्या गाडीची राइड घेताना गाडी वळणावर उलटली. नशिबाने वाळू मऊ होती आणि गाडी त्याच्या बाजूला पडली, अंगावर नाही. प्लास्टर घालताना मी वडिलांना म्हटलं, ‘‘ही गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नसते.’’ ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, पैसे घेणाऱ्याने तर वयही विचारलं नाही.’’

त्यांचा राग खरा होता. पण वय न विचारण्याची ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर सुरू झालेली नाही. ज्या देशात ही गाडी घराघरात पोचली, त्या अमेरिकेत चार दशकं याच प्रश्नावर भांडण चाललं आहे. ते समजून घेतलंत तर पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी काय विचारायचं, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

सुरुवात १९७० साली झाली. हिवाळ्यात अमेरिकेत बर्फ पडतं, मोटारसायकली खपत नाहीत आणि डीलर हातावर हात ठेवून बसतात. त्यांना थंडीतही विकता येईल असं काहीतरी हवं होतं. होंडाच्या ओसामु ताकेउची या अभियंत्याने त्यासाठी तीन चाकांची एक गाडी बनवली. तिचे टायर फुग्यासारखे मोठे आणि हवा अगदी कमी. सस्पेन्शन नव्हतंच, धक्के सोसायचं काम टायरच करत. बर्फ, वाळू, चिखल, काहीही चाले. म्हणजे ही गाडी जन्मालाच आली ती दुकानदाराच्या गरजेतून. पुढे काय झालं ते समजायला हे लक्षात ठेवा.

दिसायला ती खेळण्यासारखी होती. तीन चाकं म्हणजे तोल जाणार नाही, असं कुणालाही वाटेल. लहान मूल तीन चाकांच्या सायकलवरच तर शिकतं. प्रत्यक्षात उलटं होतं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवलेली, त्यामुळे वळताना दोन्ही सारख्याच वेगाने फिरणार. तुमच्या मोटारीत डिफरेन्शियल असतो म्हणून वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरतं. इथे ती सोय नव्हती. चालवणाऱ्याने स्वतःचं अंग एका बाजूला झुकवून आतल्या चाकावरचा भार कमी करायचा, तेव्हा गाडी नीट वळणार. मोठ्या माणसालाही हे शिकावं लागतं. पंचवीस-तीस किलोचं मूल गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकलं तरी त्या यंत्राला फारसा फरक पडत नाही. गाडीचं वजन त्याच्या कितीतरी पट, गुरुत्वमध्य उंच, आणि ॲक्सिलरेटर मात्र एका अंगठ्यावर.

डॉक्टर म्हणून मला यातली दुसरी बाजू जास्त दिसते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कमजोर असते. बरगड्या लवचीक असल्याने त्या मोडत नाहीत, पण दाब सरळ आत यकृत, प्लीहा आणि फुप्फुसांवर जातो. बाहेरून ओरखडाही नसलेलं मूल आतून रक्तस्राव होऊन गळून जाऊ शकतं. आणि गाडी अंगावर पडली तर ती उचलायची ताकद त्याच्यात नसते; छातीवरचा दाब हटला नाही की श्वास थांबतो. हेल्मेट डोकं वाचवतं, छाती नाही.

१९८०नंतर अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत अशी मुलं येऊ लागली, आणि थोडीथोडकी नाही. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८५मध्ये चौकशी हाती घेतली. १९८७च्या डिसेंबरमध्ये सरकारने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस या पाच कंपन्यांवर दावा लावला. खटला पुरता चाललाच नाही. तडजोड झाली आणि १९८८च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मुदत दहा वर्षं. नवीन तीनचाकी विकायची बंद झाली. गाडीवर ठळक इशारे आले, विकत घेणाऱ्याला मोफत प्रशिक्षण आलं. आणि तो आकडा आला: ९० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी विकायची नाही, ७० ते ९० सीसीची बारा वर्षांखालच्यासाठी नाही.

आता यातली मेख बघा. करारावर सह्या कंपन्यांच्या होत्या. गाडी विकणार होता डीलर, आणि डीलर हा स्वतंत्र धंदेवाला. कंपनीने त्याला सांगायचं, समजवायचं, गुपचूप गिऱ्हाईक पाठवून तपासायचं, एवढीच साखळी. शिवाय आयोगाचा अधिकार वस्तूवर, माणसावर नाही. गाडी विकताना काय सांगावं यावर तो बोलू शकतो. परसात ती कोण चालवतं, यावर नाही. ते प्रत्येक राज्याने ठरवायचं, आणि राज्याराज्यांचे नियम आजही एकमेकांशी जुळत नाहीत.

त्यात दुकानात काय होत असेल याची तुम्ही सहज कल्पना करू शकता. आपण मुलांना शाळेचा गणवेश कसा घेतो? वाढत्या अंगाचा. बाप मुलाला घेऊन दुकानात येतो, बारा वर्षांचा मुलगा बापाच्या खांद्याला लागलेला. लहान गाडी घेतली तर दोन वर्षांत ती पुरायची नाही, म्हणजे पैसे पाण्यात. मोठी घेतली तर बापही चालवेल. डीलरला मोठ्या गाडीत नफा जास्त. दोघांचंही मत एकच होतं, आणि ज्याचं हाड मोडणार असतं त्याला तर मोठीच गाडी हवी असते! मला यात एकट्या डीलरला खलनायक करावंसं वाटत नाही. पण धोका नेमका कुठे आहे हे त्या दुकानात एकट्यालाच माहीत असतं, तेव्हा गप्प बसण्याची जबाबदारीही त्याचीच.

१९९८ला कराराची मुदत संपली. कंपन्यांनी बऱ्याच अटी स्वखुशीने पाळायचं कबूल केलं, पण नव्याने बाजारात आलेल्या स्वस्त आयात गाड्यांना तेही बंधन नव्हतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि ग्राहक संघटना २००२मध्ये आयोगाकडे गेल्या: मोठी गाडी सोळाच्या आतल्या मुलासाठी विकणं कायद्यानेच बंद करा. आयोगाने शेवटी ती मागणी फेटाळली. एकदा गाडी घरी गेली की विक्रीवरच्या बंदीने काय होणार, हा मुख्य मुद्दा. मला तो पटत नाही. औषधाच्या बाटलीवरचं झाकणही घरी गेल्यावर कुणी उघडं ठेवू शकतं, म्हणून आपण झाकण बसवायचं थांबवत नाही.

२००८मध्ये अमेरिकन संसदेने नवा कायदा केला आणि स्वखुशीचे नियम सगळ्यांना सक्तीचे झाले, आयात करणाऱ्यांनाही. इंजिनाच्या आकाराऐवजी वय आणि वेग पाहू लागले: सहा वर्षांपासून पुढे, दहापासून, बारापासून आणि चौदापासून अशा गाड्या, वेगाची मर्यादा घातलेल्या. सर्वांत लहान गाडी ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही.

मग एक विचित्र गोष्ट घडली. त्याच कायद्यात, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत शिसं किती चालेल याची कडक मर्यादा होती. ती खेळण्यांसाठी, आणि योग्यच. शिसं पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. पण लहान मुलांची एटीव्हीही त्या व्याख्येत बसली. बॅटरीची टोकं, ब्रेकचे भाग, टायरचा व्हॉल्व्ह यांत शिसं असतंच. फेब्रुवारी २००९मध्ये डीलरांनी मुलांच्या मापाच्या गाड्या शोरूममधून उचलून मागे ठेवल्या. दुकानात उरल्या फक्त मोठ्या! मूल ब्रेक चाटेल या भीतीने त्याला तिप्पट वजनाच्या गाडीकडे ढकलल्यासारखं झालं. आयोगाने मे महिन्यात अंमलबजावणी थांबवली, आणि २०११च्या ऑगस्टमध्ये संसदेने या गाड्यांना शिशाच्या नियमातून सूट दिली.

दरम्यान २०१०मध्ये अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने आपली माणसं गिऱ्हाईक बनवून दहा डीलरांकडे पाठवली. गाडी मुलासाठी हवी आहे असं स्पष्ट सांगूनही दहातले सात जण मोठी गाडी विकायला तयार झाले. त्याच अहवालानुसार एटीव्हीच्या अपघातांत २००७ साली ८१६ माणसं गेली, आणि अशा मृत्यूंत साधारण पाचातलं एक मूल असतं.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने दुसरा रस्ता धरला. दुकानदाराला काय सांगायचं ते सोडून सरळ चालवणाऱ्याचं वय ठरवलं: शर्यतींचा अपवाद सोडला तर चौदा वर्षांखाली एटीव्ही चालवायचीच नाही. या कायद्याला आठव्या वर्षी अपघातात गेलेल्या एका मुलाचं नाव आहे. त्याच्या आईवडिलांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. पुढच्या तीन वर्षांत तिथल्या इमर्जन्सी विभागांत एटीव्हीमुळे जखमी होऊन येणाऱ्या दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

माझ्या त्या छोट्या रुग्णाचं प्लास्टर महिन्याभराने निघालं. तेव्हा वडील मोबाइलवर एक फोटो घेऊन आले होते. ते मुद्दाम त्याच किनाऱ्यावर परत गेले होते, गाडी बघायला. पुढच्या मडगार्डवर इशाऱ्याचं लेबल होतं, उन्हाने पांढरं पडलेलं. त्यावर सोळाचा आकडा गोलात लिहिला होता, तेवढाच वाचता येत होता. त्याच्यावर अर्ध्या भागात, राइडचे दर लिहिलेला कागद चिकटवलेला होता.