एका सुईचं चित्र

शाळेत मी पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर एकदा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो पुढं करून म्हणाला, "सर, यावरून बाबांचा चेहरा काढून द्या. मला तो दंडावर गोंदवून घ्यायचाय." खरं सांगतो, मी मनातून नाराज झालो. चेहरा कागदावर काढावा, भिंतीवर लावावा. दंडावर कसला चेहरा? पण नाही म्हणण्याआधी ही कला आली कुठून, ते वाचून पाहावं असं ठरवलं. त्या वाचनात जे हाती लागलं, ते आज सांगतो.

गोंदण आपल्याला नवं नाही. माझ्या आजीच्या कपाळावर तुळस होती, मनगटावर तिच्या भावाचं नाव. "दागिने इथंच राहतात बाबा, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं ती म्हणायची. पण तुळस काय, विंचू काय किंवा नाव काय, या खुणा झाल्या. पाहताक्षणी माणूस ओळखावा असा चेहरा तिच्या पिढीच्या हातांवर मी कधी पाहिला नाही.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १८७६ साली एडिसननं विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं. तिची सुई कागदाला बारीक भोकं पाडी आणि त्यावरून मजकुराच्या प्रती काढता येत. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं १८९१ मध्ये गोंदणाच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. काम झटपट होऊ लागलं, पण चित्राची रीत तीच राहिली. जाड काळी रेघ आणि आत सपाट रंग. नांगर, गरुड, गुलाब यांना ते शोभतं. चेहऱ्याला मात्र रेघ नसते. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, हे फक्त उजेड आणि सावली सांगते. वर्गात मी हे हजारदा सांगितलं असेल.

गोंदणाच्या सुईला हा धडा मिळाला कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या कैद्यांजवळ रंग नव्हते, की दुकानातली सुयांची जुडी नव्हती. होती ती टेपरेकॉर्डरची मोटर, गिटारची तार घासून केलेली एकच सुई आणि तेल जाळून धरलेली काजळी. एका सुईनं रेघ बारीकच येणार. काजळीत पाणी घातलं की ती करडी होणार. नाइलाजाच्या या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि कातडीवर छायाप्रकाश उतरला. आपण शाईत पाणी घालून वॉश देतो, तेच हे तंत्र.

याच शाळेतून बाहेर पडला फ्रेडी नेग्रेटे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात वाढलेला. वडील मेक्सिकन वंशाचे, आई ज्यू. लहानपण परक्या घरांत गेलं, पुढं टोळी आणि सुधारगृह. सुई त्यानं तिथंच हाती धरली. १९७५ साली त्याच भागात चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' हे दुकान काढलं. वस्तीतलं गिऱ्हाईक तुरुंगातल्यासारखं बारीक काम मागू लागलं, तेव्हा या दोघांनी आपल्या यंत्रातही एकच सुई बसवली. १९७७ मध्ये छापाचित्रणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एड हार्डीनं ते दुकान विकत घेतलं आणि नेग्रेटेला कामावर ठेवलं. १९८० साली वर्षातला सर्वोत्तम गोंदणकार म्हणून त्याचा गौरव झाला. पुढं व्यसनानं त्याला पुन्हा पुन्हा खाली ओढलं, हे २०१६ च्या आत्मचरित्रात त्यानं लपवलेलं नाही.

लोक काय काढून मागत? ग्वादालुपेची माता, ख्रिस्त आणि आपली माणसं. कुणाची दुरावलेली मुलं, कुणाचा टोळीच्या मारामारीत गेलेला भाऊ. अशा वेळी चेहरा 'साधारण तसा' येऊन भागत नाही. म्हणून या कामाचे नियम कडक आहेत. फोटो स्पष्ट हवा आणि उजेड एका बाजूनं पडलेला हवा. चित्र पुरेसं मोठं हवं, कारण वर्षं जातात तशी शाई पसरते. लहान चेहऱ्यातले डोळे काही वर्षांत नुसते डाग होतात. फिक्या छटा आधी पुसट होतात, म्हणून गडद जागा आधीच पुरेशा गडद लागतात. आणि कातडीवर खोडरबर चालत नाही. जिथं उजेड दाखवायचा, तिथं सुई लावायचीच नाही. अंगाचा रंग हाच तिथला उजेड.

हे वाचल्यावर मी त्या मुलाला बोलावलं आणि ओळखपत्राचा फोटो परत केला. दोघांनी मिळून त्याच्या घरातल्या पेट्या धुंडाळल्या. बहिणीच्या लग्नातला एक फोटो सापडला. खिडकीशी बसलेले वडील, कशावर तरी हसताहेत. "हे असेच हसायचे," तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. त्यावरून मी चित्र काढून दिलं, त्याला हवं होतं त्याच्या दुप्पट मोठं.

महिन्याभरानं दंड दाखवायला आला. गोंदणारी मुलगी पंचविशीतली असेल. माझ्या चित्रात जबड्याखाली, पस्तीस वर्षांच्या सवयीनं, मी एक रेघ ओढून ठेवली होती. तिनं ती गाळली होती. तिथं नुसती सावली ठेवली होती. आणि तिचंच बरोबर होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)