वाहनतपासणीतील सहप्रवाशांचे हक्क (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलिसांनी रस्त्यावर मोटार थांबवली असता चालकाखेरीज तिच्यात बसलेल्या इतर व्यक्तींना जे घटनात्मक संरक्षण मिळते, त्यास सहप्रवाशांचे हक्क असे म्हणता येईल. या हक्कांची एकत्रित संहिता कोठेही नाही. घटनेच्या १७९१ साली अमलात आलेल्या चौथ्या दुरुस्तीचा अर्थ लावताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी जे निवाडे दिले, त्यांतून ते घडत गेले. वेगमर्यादा चालकाने मोडलेली असते. शेजारी बसलेल्या माणसाने बहुधा काहीच केलेले नसते. तरीही गाडी थांबली की तोही थांबतो. अशा माणसावर पोलिसांचा अधिकार कितपत चालतो, हा या विषयाचा गाभा होय.

पार्श्वभूमी

व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व 'सीझर' यांपासून चौथी दुरुस्ती नागरिकांना संरक्षण देते. 'सीझर' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. आपल्याकडे जप्ती वस्तूची होते, माणसाची नव्हे. मूळ शब्द मात्र दोहोंना लागू पडतो. प्रस्तुत लेखात व्यक्तीच्या संदर्भात त्यासाठी 'अटकाव' हा शब्द वापरला आहे. अटकाव म्हणजे अटक नव्हे. पोलिसांच्या परवानगीवाचून आपल्याला निघून जाता येणार नाही, अशी कोणाही समंजस माणसाची समजूत होईल अशी परिस्थिती निर्माण झाली की अटकाव झाला असे न्यायालये मानतात.

गाडी थांबवण्यासाठी पोलिसांकडे काहीतरी कारण असावे लागते. केवळ परवाना पाहण्यासाठी वाटेल ती गाडी अडवता येणार नाही, असे 'डेलावेअर विरुद्ध प्राउझ' (१९७९) या खटल्यात ठरले. मात्र वाहतुकीचा नियम खरोखरच मोडला गेला असेल, तर अधिकाऱ्याच्या मनातील खरा हेतू दुसराच होता, एवढ्यावरून थांबवणे बेकायदा ठरत नाही ('व्हरेन विरुद्ध संयुक्त संस्थाने', १९९६). वाहतुकीचे नियम इतके बारीक आहेत की कोणत्याही गाडीमागे थोडा वेळ राहिल्यास एखादा भंग सापडतोच. त्यामुळे या निवाड्याने पहिल्या निवाड्याचे बळ पुष्कळ कमी केले, अशी टीका होत आली आहे.

गाडीतून उतरण्याचा आदेश

'पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स' (१९७७) या निवाड्याने कायदेशीरपणे थांबवलेल्या गाडीच्या चालकाला खाली उतरण्यास सांगण्याचा अधिकार पोलिसांना दिला. त्यासाठी वेगळ्या संशयाची गरज नाही. अधिकाऱ्याची सुरक्षितता हे कारण पुरेसे मानले गेले. सहप्रवाशाचा प्रश्न त्यानंतर वीस वर्षांनी 'मेरीलँड विरुद्ध विल्सन' (१९९७) या खटल्यात सुटला. १९९४ साली बाल्टिमोरजवळील महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा असताना ६४ मैलांनी जाणारी एक भाड्याची गाडी पोलिसाने थांबवली. पुढच्या आसनावरील प्रवाशाला घाम फुटलेला दिसला म्हणून त्याला उतरण्यास सांगितले, तेव्हा त्याच्याजवळील कोकेन जमिनीवर पडले.

सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निवाडा सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी लिहिला. चालकाच्या बाबतीत पोलिसांकडे निदान नियमभंगाचे कारण असते, सहप्रवाशाच्या बाबतीत तेही नसते, हे त्यांनी मान्य केले. तथापि गाडी थांबल्यामुळे प्रवासी थांबलेलाच असतो. तो गाडीत बसण्याऐवजी बाहेर उभा राहिला, एवढाच काय तो फरक पडतो, असे बहुमताचे म्हणणे होते. १९९४ या एका वर्षात वाहने थांबवताना व त्यांचा पाठलाग करताना अधिकाऱ्यांवर ५,७६२ हल्ले झाले आणि ११ अधिकारी मारले गेले, या आकडेवारीचा आधार त्यात घेतलेला आहे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स व केनेडी यांनी भिन्नमत नोंदवले. कोणताही संशय नसलेल्या असंख्य निरपराध प्रवाशांना यामुळे मनमानी आदेश सोसावे लागतील, अशी त्यांची चिंता होती.

ब्रेंडलिन खटला

विल्सन निवाड्याने पोलिसांना सहप्रवाशावर अधिकार दिला, पण गाडी थांबवणेच बेकायदा असेल तर त्याला दाद मागता येईल का, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर 'ब्रेंडलिन विरुद्ध कॅलिफोर्निया' (२००७) या एकमुखी निवाड्याने दिले आणि सहप्रवाशांच्या दृष्टीने हाच निवाडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

२००१ साली कॅलिफोर्नियातील युबा सिटी येथे नोंदणी तपासण्यासाठी एक गाडी थांबवण्यात आली. गाडीवर तात्पुरता परवाना लावलेला होता, आणि थांबवण्यास पुरेसे कारण नव्हते हे राज्यानेही पुढे मान्य केले. गाडीतील प्रवासी पॅरोलच्या अटी मोडलेला निघाला व त्याच्या अंगझडतीत सिरिंजचे टोपण सापडले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मत असे की, थांबवले गेले ते चालकाला. प्रवाशाला अटकाव झालाच नव्हता, म्हणून त्याला तक्रार करता येत नाही. न्यायमूर्ती सूटर यांनी हा युक्तिवाद फेटाळला. पोलिसांनी थांबवलेल्या गाडीतून आपण खुशाल उठून चालू लागावे, असे कोणत्याही समंजस प्रवाशाला वाटणार नाही. शिवाय प्रवाशाला दाद नाकारली, तर कारण नसतानाही गाड्या थांबवण्यास पोलिसांना उत्तेजनच मिळेल, असे त्यांनी नमूद केले.

तत्त्व जिंकले तरी ब्रेंडलिन स्वतः हरला. खटला परत गेल्यावर कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने २००८ साली असे ठरवले की, त्याच्या नावे आधीपासूनच वॉरंट असल्याने बेकायदा थांबवणे आणि मिळालेला पुरावा यांतील धागा तुटतो, म्हणून तो पुरावा ग्राह्य आहे.

झडती

थांबवण्याला आव्हान देणे आणि गाडीच्या झडतीला आव्हान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. 'राकस विरुद्ध इलिनॉय' (१९७८) नुसार दुसऱ्याच्या गाडीतील डॅशबोर्डचा कप्पा किंवा आसनाखालची जागा यांवर साध्या प्रवाशाचा खासगीपणाचा हक्क चालत नाही. गाडी थांबवणेच बेकायदा ठरले, तर मात्र त्यातून पुढे आलेला पुरावा बाद करावा, अशी मागणी तो करू शकतो.

प्रवाशाच्या अंगाला संरक्षण अधिक आहे. संशयित गाडीत बसलेला आहे, एवढ्यावरून कोणाची अंगझडती घेता येत नाही, हे 'संयुक्त संस्थाने विरुद्ध डी री' या १९४८ सालच्या खटल्यातच ठरले होते. तो सशस्त्र व धोकादायक असल्याचा वाजवी संशय असल्यास कपड्यांवरून चाचपणी करता येते ('ॲरिझोना विरुद्ध जॉन्सन', २००९). त्याच्या पिशवीचे मात्र तसे नाही. गाडीत अमली पदार्थ असल्याचे मानण्यास सबळ कारण असेल, तर प्रवाशाची पर्सही उघडता येते, असे 'वायोमिंग विरुद्ध हॉटन' (१९९९) या निवाड्यात म्हटले आहे. 'मेरीलँड विरुद्ध प्रिंगल' (२००३) त्याहून पुढे जाते: मागच्या आसनाच्या हातटेकूमागे कोकेन सापडले, गाडीतील तिघांपैकी कोणीही ते आपले म्हणेना, तेव्हा तिघांनाही अटक करणे वैध ठरले.

संमतीने घेतलेल्या झडतीला यांपैकी कोणतीच अट लागत नाही. संमती नाकारता येते, हे सांगण्याचे बंधनही पोलिसांवर नाही ('श्नेकलॉथ विरुद्ध बुस्तामोंते', १९७३). त्या खटल्यात गाडीच्या झडतीस होकार देणारा चालक नव्हता, तर प्रवासी होता.

प्रश्न, ओळख आणि वेळ

पोलीस प्रवाशाला प्रश्न विचारू शकतात. उत्तर देण्याचे सर्वसाधारण बंधन त्याच्यावर नाही. गुन्ह्याचा वाजवी संशय असेल, तर नाव सांगणे सक्तीचे करणारा कायदा राज्यांना करता येतो ('हीबल' खटला, २००४). संशय नसताना प्रवाशाच्या ओळखीसाठी अडून बसून थांबवणे लांबवता येत नाही, असे नवव्या विभागीय अपील न्यायालयाने 'लांदेरोस' खटल्यात (२०१९) म्हटले. त्यामागे 'रॉड्रिगेझ विरुद्ध संयुक्त संस्थाने' (२०१५) हा निवाडा आहे. नेब्रास्कात लेखी ताकीद देऊन झाल्यावर श्वानाकडून गाडी हुंगवून घेण्यासाठी सात-आठ मिनिटे जादा थांबवण्यात आले होते. वाजवी संशयाखेरीज एवढा विलंबही घटनाबाह्य ठरला.

थांबवणे चालू असताना प्रवाशाला निघून जाता येते का, यावर विल्सन निवाड्याने भाष्य टाळले. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, तेवढ्या वाजवी वेळापुरते त्याला थांबवून ठेवता येते, असा निर्णय दिला.

राज्यांतील फरक

राज्य घटनेनुसार अधिक संरक्षण देण्याची मुभा राज्यांना आहे. न्यू जर्सीत (१९९४) प्रवाशाला उतरवण्यासाठी विशेष सावधगिरीची गरज दाखवणारी विशिष्ट तथ्ये लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये (१९९९) चालक असो वा प्रवासी, धोक्याची वाजवी शंका आवश्यक मानली जाते. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताच त्याच प्रवाशाचे हक्क बदलू शकतात.

चित्रीकरण

प्रवाशाने घटनेचे चित्रीकरण करण्याचा प्रश्न पहिल्या दुरुस्तीखाली येतो. २०१८ साली उत्तर कॅरोलायनातील विंटरव्हिल येथे एक प्रवासी फेसबुकवरून थेट प्रक्षेपण करीत असताना अधिकाऱ्याने त्याचा फोन काढून घेण्याचा प्रयत्न केला. असे प्रक्षेपण हे संरक्षित अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे चौथ्या विभागीय अपील न्यायालयाने २०२३ साली म्हटले. अधिकाऱ्यावरील वैयक्तिक दावा मात्र टिकला नाही, कारण घटनेच्या वेळी हा हक्क पुरेसा प्रस्थापित झालेला नव्हता.