टोळ, हुमणी आणि श्रीरामपूरचे ताट

किडे खाण्याचा विषय निघाला की श्रीरामपुरात उत्तर ठरलेले असते: ‘आपल्यात नाही चालत.’ हे ‘आपल्यात’ जरा तपासून पाहावे. गाव तसे अलीकडचे. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि स्टेशनाभोवती बाजार वाढला. स्टेशनाच्या पाटीवर आजही नाव बेलापूरचेच आहे. पुढे प्रवरेचे कालवे आले, 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, हरेगाव-टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले आणि उसाबरोबर नाना धर्मांची माणसे इथे स्थिरावली. त्यांतल्या जैनांचा आणि माळकऱ्यांचा नकार अहिंसेवर उभा आहे. त्याला प्रश्नच नाही. पण बाकीच्यांचे काय? मुस्लिम धर्मशास्त्राने माशाप्रमाणे टोळही हलाल मानला आहे, तोही जबह (विधिवत कापणे) न करता. बायबलच्या लेवीय पुस्तकात टोळ खायला परवानगी आहे, आणि बाप्तिस्मा करणारा योहान तर टोळ आणि रानमधावर राहत असे. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जाणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. म्हणजे धर्माने दार लावलेले नव्हते. ते लावले शेतीने, आणि शेतीबरोबर आलेल्या प्रतिष्ठेच्या कल्पनेने.

मुंबई इलाख्यावर 1882 ते 1884 या काळात आणि पुन्हा 1901 ते 1908 मध्ये टोळधाडी आल्या. दुसऱ्या वेळचा टोळ ‘बॉम्बे लोकस्ट’ याच नावाने कीटकशास्त्रात नोंदला गेला. कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी त्यावर अहवाल लिहिला, तो 1906 मध्ये प्रसिद्ध झाला. हा टोळ हिवाळा सह्याद्रीच्या रानात काढी आणि पावसाळ्यात गवताळ भागात अंडी घाली. उपाय हाताचेच होते: पिल्ले पिशव्यांत धरायची आणि मारायची. 1899-1900 च्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम काही वर्षे लोटली होती. त्या दुष्काळात दख्खनमध्ये फड्या निवडुंगाचे काटे जाळून तो जनावरांना घातला गेला होता. इतक्या उपासमारीनंतर प्रथिनांनी भरलेले पीक आपण होऊन दारात उतरले, तरी सरकारी शहाणपण त्याच्या नाशापलीकडे गेले नाही. वाळवलेल्या टोळात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रथिन असते, हे तेव्हा मोजलेले नव्हते, हे खरे. पण अरबस्तानात आणि आफ्रिकेत टोळ खातात, हे साहेबाला चांगले ठाऊक होते.

टोळ गेला, पण उसाबरोबर हुमणी आली. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडला की जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाल्याला जमतात. तेथून परतून ते मातीत अंडी घालतात, आणि श्रावण-भाद्रपदात त्यांच्या पांढऱ्या अळ्या उसाची मुळे कुरतडतात. सल्ला जुनाच आहे: अंधार पडल्यावर फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवायचे. प्रकाशसापळे लावले तरी शेवट त्याच पाण्यात. ईशान्य भारतात याच कुळातले भुंगेरे भाजून खातात. आपल्याकडे ते वेचायची मेहनत पूर्ण होते आणि मग माल रॉकेलात जातो.

यावर पहिला आक्षेप विषाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कीटकनाशके टाकलेल्या शेतातला किडा माणसाच्या पोटात जाता कामा नये. रासायनिक फवारणी सुरू झाल्यापासून शेतातला किडा थेट ताटात घेणे धोक्याचे आहे, हे मान्य. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना किड्यांचीही होऊ शकते, हेही खरे. दुसरा आक्षेप असा की हे गरिबांच्या गळ्यात मारायचे अन्न आहे. गडचिरोलीतले माडिया लाल मुंग्यांची चटणी आवडीने खातात, लाचार होऊन नव्हे. त्यांच्या खाण्याला ‘जंगली’ म्हणणाऱ्या समाजाने आज युरोपातल्या किड्यांच्या पिठाला ‘सुपरफूड’ म्हणावे, हा विनोद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2013 च्या अहवालाने जगात सुमारे 2 अब्ज लोक किडे खातात असा अंदाज दिला. त्याच अहवालात रातकिड्याच्या 1 किलो वाढीला साधारण 2 किलो खाद्य पुरते असेही म्हटले आहे. गोमांसासाठी याच्या कितीतरी पट लागते.

तरीही श्रीरामपूरच्या ताटात उद्या भुंगेरा वाढावा, असे म्हणणे नाही. जे खात नाहीत त्यांनी खाऊ नये. कोंबडीला मात्र कसलेच सोवळे नाही. पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यात 2020 मध्ये रात्री टोळ गोळा करून कोंबडीखाद्यासाठी विकण्याचा प्रयोग झाला. फवारणी न झालेले क्षेत्र निवडणे ही त्याची पहिली अट होती. त्याच वर्षी मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा आपण फवारणीचे पंप काढले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ श्रीरामपूरपासून फार दूर नाही. रॉकेलऐवजी उकळते पाणी वापरून गोळा केलेल्या भुंगेऱ्यांत कीटकनाशकाचा अंश किती उरतो आणि ते कोंबडीला मानवतात का, एवढे तरी त्याने तपासून सांगावे.