घड्याळाच्या पोटातला चीन

यंत्रांच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज आपण मनगटावर बसणारं एक यंत्र उघडून पाहणार आहोत. ऑनलाइन बाजारात थोडक्या पैशांत 'ऑटोमॅटिक' असं लिहिलेलं घड्याळ मिळतं. त्याला सेल नाही, रोज चावी द्यावी लागत नाही. मागच्या काचेतून एक अर्धगोल वजन गरगरताना दिसतं. घेणारा खूश होतो, आणि त्याचा शेजारी म्हणतो, "चायना माल आहे, किती दिवस चालणार?"

प्रश्न वाजवी आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. एवढे बारीक सुटे भाग, माणकाचे दगड, केसाएवढी स्प्रिंग हे सगळं इतक्या कमी किमतीत बनवायला चीन शिकला कसा? त्याचं उत्तर कळलं, की हे घड्याळ किती दिवस चालेल आणि बिघडलं तर काय करायचं, हेही कळतं.

आधी तत्त्व समजून घेऊ

चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळात मूळ यंत्र एकच असतं. गुंडाळलेली मेनस्प्रिंग हळूहळू सुटते, दातेरी चाकं फिरतात, आणि शेवटी बॅलन्स व्हील एका लयीत मागेपुढे झुलत त्या शक्तीला थोडं थोडं करून वाट देतं. 'टिकटिक' येते ती तिथूनच. ऑटोमॅटिकमध्ये भर पडते ती फक्त रोटरची. हात हलला की रोटर फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळली जाते.

मनगटी घड्याळात ही सोय व्यवहारात आणली ती जॉन हारवूड या इंग्रज घड्याळदुरुस्ती करणाऱ्या माणसाने. त्याला १९२४ साली स्विस पेटंट मिळालं. चावीच्या दांड्यावाटे धूळ आणि ओल आत शिरते, हे त्याने दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलं होतं. मग चावी द्यायचीच कशाला, असा त्याचा विचार. पुढे १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला. १९५९ मध्ये जपानच्या सैकोने 'मॅजिक लिव्हर' नावाची साधी युक्ती काढली, आणि रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी मोजक्या भागांत स्प्रिंग भरू लागली. म्हणजे सुरुवात दुरुस्ती करणाऱ्याकडून झाली आणि स्वस्ताईचा रस्ता जपानने दाखवला. चीन या रांगेत नंतर आला.

तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी

१९५५ च्या मार्च महिन्यात त्यानजिन शहरातल्या काही कारागिरांनी एक स्विस घड्याळ समोर ठेवून चीनचं पहिलं मनगटी घड्याळ जुळवलं. नाव ठेवलं 'वूशिंग', म्हणजे पाच तारे. शांघायच्या कारखान्याचं ए५८१ हे घड्याळ १९५८ साली विक्रीला आलं. नावातले ५८ हे त्या सालाचेच आकडे.

त्या काळच्या चीनमध्ये लग्न ठरलं की चार वस्तूंची अपेक्षा असे: सायकल, शिलाई मशीन, घड्याळ आणि रेडिओ. लोक त्यांना 'तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी' म्हणत. शांघाय घड्याळाची किंमत १२० युआनच्या घरात होती, म्हणजे साध्या कामगाराचा तीन-चार महिन्यांचा पगार. शिवाय कुपन लागे ते वेगळंच. आपल्याकडे एचएमटीसाठी लोक वाट पाहत, तसाच हा प्रकार.

मागणी अफाट आणि कारखाने थोडे. प्रत्येक प्रांत आपला कारखाना काढू लागला, तर प्रत्येकाचं यंत्र वेगळं आणि सुटे भाग वेगळे. यावर सरकारच्या हलक्या उद्योग मंत्रालयाने तोडगा काढला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांसाठी एकच प्रमाण आराखडा ठरवण्यात आला. चिनी भाषेत त्याला 'तोंगजी' म्हणतात, म्हणजे एकसारखं यंत्र. तासाला २१,६०० ठोके. देशभर डझनावारी कारखाने हेच यंत्र बनवू लागले. घड्याळाच्या तबकडीवरचं नाव वेगळं, पण मागचं झाकण उघडलं की आत तेच. एका कारखान्याचा भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घड्याळात बसे.

आजच्या स्वस्ताईचं मूळ इथे आहे. स्वस्त मजुरी हे कारण अर्धंच. एकच आराखडा लाखोंच्या संख्येने, वर्षानुवर्षं, अनेक गावांत बनत राहिला, आणि त्यातून साचे तयार करणारे, दगड बसवणारे, स्प्रिंग जुळवणारे हात तयार झाले.

नक्कल, खरेदी आणि वारसा

'सगळं चोरलेलं' हे वाक्य इथे हमखास येतं. इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. त्यानजिनच्या कारखान्याला १९६१ साली हवाई दलासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे थांबता काटा असलेलं घड्याळ, बनवायचं काम मिळालं. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीच्या १७५ या यंत्राची उत्पादनसामग्री विकत घेण्यात आली. त्याच वंशातलं एसटी १९ हे यंत्र सीगल कंपनी आजही बनवते. ही रीतसर खरेदी होती. त्याच कारखान्याने १९६० च्या दशकात एसटी ५ हे स्वतःच्या आराखड्याचं यंत्रही काढलं.

मग क्वार्ट्झ आलं. सेलवर चालणारी घड्याळं स्वस्त आणि वेळेला पक्की. १९८० च्या दशकापासून चीनचे चावीचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. जे टिकले त्यांना पुढे एका अनपेक्षित दिशेने काम मिळालं. २००२ मध्ये स्वॉच समूहाच्या निकोलस हायेक यांनी जाहीर केलं, की त्यांची ईटीए कंपनी बाहेरच्या घड्याळवाल्यांना अर्धवट जुळवलेली यंत्रं देणं टप्प्याटप्प्याने थांबवेल. स्विस स्पर्धा आयोगाने मध्ये पडून ते लांबवलं, पण जगभरचे छोटे घड्याळवाले पर्याय शोधू लागले. ईटीए २८२४ चा आराखडा तोवर जुना झाला होता, त्याच्या पेटंटची मुदत उलटली होती. स्वित्झर्लंडमध्येच सेलिटा कंपनीने एसडब्ल्यू २०० काढलं, तर चीनमध्ये सीगलने एसटी २१३०. दोन्ही त्याच आराखड्यावर. म्हणजे नक्कल म्हणायची तर ती दोघांनाही म्हणा.

सगळ्यांत स्वस्त घड्याळांत मात्र वेगळं यंत्र असतं. ग्वांगझौच्या डिक्समाँट कंपनीचं डीजी २८१३. त्याचा आराखडा जपानच्या मियोटा ८२०० या कुळावर बेतलेला आहे. मियोटा हे सिटिझन कंपनीचं यंत्र, आणि ते कूळ १९७० च्या दशकातलं.

आता इथे आपला संबंध येतो. १९६१ मध्ये बेंगळुरूला एचएमटीने घड्याळं काढली ती याच सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने. एचएमटी परवाना घेऊन शिकली, डिक्समाँट आराखडा पाहून. गुरुघराणं एकच. फरक पडला तो नंतर. केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. चीनमधले साचे चालू राहिले.

टेबलावर ठेवून तुलना

दोन यंत्रं शेजारी ठेवू: डीजी २८१३ आणि एसटी २१३०.

डीजीचे तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. एसटीचे २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. ठोके जास्त तर सेकंदकाटा अधिक सलग फिरतो आणि धक्क्यांचा परिणाम कमी होतो, पण झीजही जास्त. डीजीचं यंत्रसुद्धा दिवसाला ५,१८,४०० ठोके देतं. वर्षाला हा आकडा १८ कोटी ९० लाखांच्या वर जातो. असं यंत्र दिवसाला २० सेकंद चुकलं तर आपण नाक मुरडतो. पण हिशेब केला तर ती चूक ४,३२० सेकंदांमागे एका सेकंदाची झाली.

डीजीचा रोटर एकाच दिशेला फिरताना स्प्रिंग भरतो. उलट दिशेला तो मोकळाच फिरतो, म्हणून मनगट झटकलं की घुर्र असा आवाज येतो. बरेच लोक तो बिघाड समजतात, पण तो आराखड्याचाच भाग आहे. शिवाय चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. एसटी २१३० चा रोटर दोन्ही दिशांना स्प्रिंग भरतो आणि सेकंदकाटा थांबवता येतो. मात्र त्याची उलटसुलट फिरणारी चाकं नाजूक असतात. चावी देताना रोटरही सोबत गरगरू लागला, तर ती चाकं सुकली किंवा मळली आहेत असं समजा. त्यांना साधं तेल पाजू नये, अडकतात.

खरा फरक आणखी एका ठिकाणी आहे, तो म्हणजे सातत्य. एसटी बहुतेक वेळा नीट तेल घालून, वेळ जुळवून येतं. डीजीमध्ये एक यंत्र वर्षानुवर्षं चालतं, तर त्याच खेपेतलं दुसरं कोरडं ठणठणीत निघतं, आणि तिसऱ्यात तेलाचा पूर. आराखडा चांगला आहे, कमी पडते ती तपासणी. म्हणून अशा घड्याळाची दुरुस्ती शक्य असते. त्यात चूक असते ती बहुधा हाताची.

दुरुस्ती: कुठून सुरुवात करायची

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्या. स्पीकर, फोनच्या कव्हरचं चुंबक, पर्सचं बटण अशा कशानेही हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, आणि काम मिनिटाचं असतं.

तारीख अडकत असेल, तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये कुणी तारीख बदलली का, हे विचारा. त्या वेळात तारखेची चाकं गुंतलेली असतात. जोर लावला की दाते जातात.

खडखड आवाज येत असेल, तर रोटरचा स्क्रू पाहा. तो सैल झालेला सापडणं अगदी नेहमीचं.

वेळ मागेपुढे होत असेल, तर टाइमग्राफर लावा. हे यंत्र टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं: वेग, झोक्याचा कोन आणि दोन ठोक्यांतलं असमान अंतर. पूर्ण चावी भरलेली असताना झोका २७० अंशांच्या वर असेल तर प्रकृती उत्तम. तो २२० च्या खाली असेल तर वेग जुळवत बसू नका, आधी सफाई करा. पूर्वी हे यंत्र मोठ्या वर्कशॉपमध्येच दिसे. वेईशी १००० सारख्या चिनी टाइमग्राफरमुळे ते घरच्या टेबलावर आलं. घड्याळही चीनचं आणि त्याचा वैद्यही चीनचा.

बॅलन्सजवळ दोन दांड्या असतात. एकीने वेग बदलतो, दुसरीने ठोक्यांचं अंतर. कुठली कोणती हे ओळखल्याशिवाय चिमटा लावू नका.

पूर्ण उघडायचं असेल तर क्रम मोडू नये. आधी स्प्रिंगमधली शक्ती सावकाश उतरवायची. मग बॅलन्स, मग पॅलेट, आणि शेवटी चाकं. स्प्रिंग भरलेली असताना पॅलेट काढला तर सगळी चाकं भर्रकन सुटतात आणि दाते तुटतात. तेल दोन-तीन प्रकारचं लागतं. झटपट फिरणाऱ्या टोकांना पातळ, हळू आणि जोराने चालणाऱ्या भागांना दाट. थेंब असा, की भिंगातून पाहिला तरच दिसावा.

बदलायचं की दुरुस्त करायचं?

तुम्ही इंदूरला असा की हैदराबादला, काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळवाला तुमच्याही बाजारपेठेत असेल. त्याची अडचण समजून घ्या. डीजीची पूर्ण सफाई करायला त्याचा अर्धा दिवस जातो, आणि त्या मजुरीत नवं कोरं यंत्र येतं. डीजीचे भाग सुटे मिळणंही कठीण, एका यंत्रासाठी दुसरं फोडावं लागतं. म्हणून तो म्हणतो, "मशीनच बदलून टाकू." हिशेबाने तो बरोबर आहे.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. मशीनच बदलत राहिलं तर नवा हात तयार होत नाही. आणि घरातल्या कपाटात आजोबांची एचएमटी जनता पडलेली असते. तिचं मशीन आता कुणी बनवत नाही, ते दुरुस्तच करावं लागतं. तो हात शिकणार कुठे? या प्रश्नाचं उत्तर याच स्वस्त चिनी यंत्रात आहे. मोडलं तर हळहळ नाही, आणि रचना बहुतांशी तीच: मेनस्प्रिंग, चाकं, पॅलेट, बॅलन्स. डीजी दहा वेळा उघडून जुळवलेला माणूस जनता उघडताना घाबरत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जुन्या आराखड्यावर यंत्र बनवणं वेगळं, आणि तबकडीवर दुसऱ्याचं नामांकित नाव छापणं वेगळं. डीजी यंत्रं अशा खोट्या घड्याळांतही भरपूर सापडतात. यंत्राचा त्यात दोष नाही, पण घेणाऱ्याने फरक ओळखावा. स्वस्त घ्यायचं तर स्वतःच्या नावाने विकलं जाणारं घ्या.

तेव्हा पुढच्या वेळी शेजारी 'किती दिवस चालणार' असं विचारील, तेव्हा त्याला सांगा: तेल वेळेवर पडलं आणि उघडणारा हात जाणता असला, तर बरीच वर्षं. यातलं यंत्र चीन पुरवील. हात मात्र आपल्यालाच तयार करावे लागतील.