ढगाआडचा डोंगर आणि कॅप्टनचा शब्द

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरी कित्येक दिवस दिसत नाही. गावकऱ्यांना त्याची चिंता नसते. डोंगर ढगात असला तरी जागेवरच आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पण रात्री आकाशातून येणाऱ्या परक्या माणसाचं काय? सह्याद्रीची ही भिंत इथून दक्षिणेला कळसूबाई, हरिश्चंद्रगड करत जुन्नरकडे जाते. पूर्वेकडून मुंबईला येणारं विमान ती ओलांडल्यावरच खाली यायला हवं.

1962 च्या जुलैत, 6 आणि 7 तारखेच्या मधल्या मध्यरात्री, अलितालिया कंपनीचं डीसी-8 जातीचं विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर दूर असताना ते जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे 3,600 फुटांवर आदळलं. विमानातले सर्व 94 जण गेले. विमान कुठं आहे याचा हिशेब चुकला, मुंबई जवळ आली असं वाटलं आणि ते वेळेआधीच खाली आणलं गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. आपली जागा पडताळण्याची जी साधनं हाताशी होती, ती पुरेशी वापरली गेली नाहीत. या मुलखाची ओळखही नव्हती. जेट विमान मिनिटाला दहाएक किलोमीटर जातं. म्हणजे सगळा फरक आठ-नऊ मिनिटांचा.

मंडळी, कोकणातल्या होडीवर जसा तांडेल, तसा विमानात कॅप्टन. विमानाचा दांडा प्रत्यक्ष कुणाच्याही हातात असो, जबाबदारी त्याचीच, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. सुरक्षिततेसाठी अगदीच गरज पडली तर नियम मोडण्याची मुभाही ते त्याला देतात. जमिनीवरचा नियंत्रक परवानगी देतो. पण खाली उतरायचं की नाही, हे शेवटी कॅप्टन ठरवतो.

पुढं जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रं आली. 1977 साली तेनेरिफला दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून 583 माणसं गेली. त्यानंतर सहवैमानिकानं निर्भयपणे बोलावं आणि कॅप्टननं ऐकावं, हे शिक्षणाचाच भाग झालं.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला भर पावसात विमान धावपट्टीपुढच्या उतारावरून कोसळलं आणि 21 जण दगावले. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात मुरलेले, मोठ्या अनुभवाचे वैमानिक. त्यांचाही त्यात अंत झाला. 'पुन्हा वर चला' असं सहवैमानिकानं सांगितलं होतं, असं अहवाल म्हणतो. व्यवस्थेतल्या उणिवांवरही त्यानं बोट ठेवलं आहे. तेव्हा एका माणसाला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

अंतिम शब्द ज्याचा, त्यानं स्वतःच्या अंदाजावर सगळ्यात आधी शंका घ्यावी. विमान परत वर नेण्यात कमीपणा नाही. प्रवासी उशिरा पोचतील, कुरकुर करतील, पण पोचतील.