स्थलपाहणीचा वाद आणि १९६३ चा मॉस्को करार

अण्वस्त्रचाचण्यांच्या बंदीविषयीच्या वाटाघाटी १९५८ पासून पाच वर्षे ज्या प्रश्नावर अडल्या, तो वरकरणी भूकंपशास्त्राचा होता. वातावरणातील स्फोट दूरवरून ओळखता येतो. परंतु जमिनीखालील लहान स्फोट आणि नैसर्गिक भूकंप यांत भेद कसा करावयाचा? ऑगस्ट १९५८ मध्ये जिनीव्हा येथील तज्ज्ञपरिषदेने जगभर १६० ते १७० भूस्थित निरीक्षणकेंद्रे व १० जहाजे यांची योजना सुचविली. त्याच वर्षी नेव्हाडात झालेल्या भूमिगत स्फोटांच्या नोंदींवरून ही योजना अपुरी असल्याचे अमेरिकन पक्ष म्हणू लागला. मग संशयास्पद कंपनाच्या जागी जाऊन पाहणी करणे एवढाच मार्ग उरला, आणि तेथे शास्त्राचा प्रांत संपला.

स्थलपाहणीशिवाय कराराला अर्थ नाही, ही अमेरिकेची भूमिका. स्थलपाहणी म्हणजे हेरगिरीला दिलेला परवाना, ही सोव्हिएत संघाची. वर्षाला २० पाहण्यांची अमेरिकन मागणी क्रमाने ७ पर्यंत उतरली. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर, १९ डिसेंबर १९६२ च्या पत्रात, ख्रुश्चॉव्ह यांनी केनेडी यांना दोन-तीन पाहण्या मान्य असल्याचे कळविले. अमेरिकन प्रतिनिधी आर्थर डीन यांनी दोन ते चार पाहण्या पुरेशा मानल्या होत्या, असा त्यांचा दावा होता. आपण आठ ते दहा म्हटले होते, असे डीन यांचे म्हणणे पडले. तीन आणि सात यांतील अंतर पुढे मिटले नाही. वस्तुतः एका पाहणीत किती क्षेत्र तपासावयाचे व कोणी, हेच ठरलेले नव्हते. मापच अनिश्चित असताना त्याच्या संख्येवरून बोलणी मोडावीत, यावरून अविश्वासाची खोली कळते.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे करार झाला तो हा प्रश्न वगळूनच. वातावरण, अवकाश व पाण्याखालील चाचण्यांवर बंदी आली. भूमिगत चाचण्या मोकळ्या राहिल्या. २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन करणाऱ्या नेहरूंच्या भारताने ८ ऑगस्टला त्यावर सही केली. १९७४ ची पोखरण येथील चाचणी भूमिगत असल्याने या करारात बसत होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. किरणोत्सर्गी धूळ कमी झाली खरी. पण १९४५ पासूनच्या दोन हजारांहून अधिक चाचण्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भूमिगतच आहेत.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात स्थलपाहणीची तरतूद आली. कार्यकारी परिषदेच्या ५१ सदस्यांपैकी ३० जणांची संमती तीस लागते. भारताने त्या करारावर सही केली नाही, अमेरिकेने सही करूनही त्यास अनुसमर्थन दिले नाही, रशियाने दिलेले अनुसमर्थन २०२३ मध्ये मागे घेतले. करार अमलात नसल्याने त्याखाली एकही स्थलपाहणी झालेली नाही.